खांदेमळणीची हळद

मित्रांनो, माझं वय चार वर्षं. चार वर्षांच्या मुलाला बालवाडीचं दप्तरसुद्धा झेपत नाही, पण चार वर्षांच्या गाडीला लोक बिनदिक्कत ‘जुनी’ म्हणतात. तर मी एक जुनी गाडी आहे. विजेवर चालणारी, उंच बांध्याची, रंगाने पांढरी. एका सकाळी माझी पारख झाली आणि त्या सकाळी मला मनापासून वाटलं, की समोरच्या माणसांनी आपल्याला नाकारावं. विकायला काढलेल्या गाडीने असं काही मनात आणू नये, हे मला कळतं. पण तसं का वाटलं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म चाकणकडच्या एका कारखान्यात झाला. तुम्ही गाडीत बसल्यावर जिथे पाय ठेवता, त्याच्या खाली माझ्या पोटात एक चपटी, जड पेटी आहे. ती माझी बॅटरी. डिझेलच्या गाडीचं इंजिन थकलं की खोकतं, धूर ओकतं, गावभर ओरडून सांगतं. बॅटरीला ती खोड नाही. ती मुकाट्याने थकते, आणि वरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही दिसत नाही. एवढं मात्र ध्यानात ठेवा.

येडगावच्या संपतरावांच्या मुलाने, भरतने, मला हौसेने घेतलं. साळुबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने, मला ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि कपाळावर एवढं मोठं कुंकू लावलं की पुढचे चार दिवस ते काचेवर ओघळत होतं. पण सहा महिन्यांत भरतला बंगळुरूला नोकरी लागली आणि मी मागे राहिले. संपतरावांना कुठे लांब जायचं नसे. आठवड्याला नारायणगावचा बाजार, महिन्याला एखादं लग्न, संपलं. मी अंगणात उभी राहून कंटाळून गेले होते.

मग मला काम मिळालं, आणि ते असं काम होतं की माझ्या जातीच्या गाड्यांना सांगितलं तर हसतील. माझ्यात एक सोय आहे. चार्जिंगच्या तोंडाला एक जोडणी लावली की माझ्या पोटातली वीज बाहेर घेता येते. कारखान्यातल्या लोकांनी ती दिली होती सहलीला गेल्यावर चहाची किटली तापवायला. संपतरावांनी तिच्यावर विहिरीची मोटार लावली.

त्याला कारण होतं. शेतीची लाइट पुष्कळदा रात्रीची येई, आणि आमच्याकडे उसात बिबट्या असतो. शेजारच्या बांधावरून एक कुत्रं गेलं, मग एक कालवड गेली. साळुबाईंनी संपतरावांना सांगून टाकलं, “पीक जळालं तरी चालंल, पण अंधारात तुमाला मी बाहेर सोडायची न्हाई.” तेव्हापासून घरच्या लाइटवर मला भरायचं, उजाडलं की एक किलोमीटरवरच्या विहिरीपाशी न्यायचं आणि दिवसभर माझ्यावर पाणी उपसायचं, असा नेम पडला. संध्याकाळी मी घरी यायची ती पोटात शेवटचे दोन-तीन टक्के घेऊन. चाकं जागेवर आणि पोट मात्र रोज रिकामं! तीन वर्षं हे चाललं. मी कुरकुरले नाही. खरं सांगते, मला अभिमान वाटायचा. सरीत पाणी चढलं की संपतराव माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, “लई गुणाची हायेस गं बाई.”

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपाने मळतात. वर्षभर ज्या खांद्यावर जू वाहिलं, त्या खांद्याचे उपकार मानायची ही आमच्याकडची रीत. तिला खांदेमळणी म्हणतात. संपतरावांच्या दावणीला बैल उरले नव्हते, पण साळुबाईंना रीत मोडवेना. त्या वाटीत हळद-तूप घेऊन माझ्याकडे आल्या आणि चार्जिंगचं झाकण उघडून तोंडाभोवती हलक्या हाताने चोळू लागल्या.

संपतराव ओरडले, “अगं, करंट लागंल!”

“लागू द्या,” साळुबाई म्हणाल्या. “बैलाचा भार खांद्याला आसतो. हिचा भार हितं आसतो. मग हितंच नगं का मळायला?”

तीन पोळ्यांना माझी अशी खांदेमळणी झाली. हळद झाकणाच्या रबरी कडेत जाऊन बसली ती बसलीच. तेव्हा मला कुठे ठाऊक होतं, की एक दिवस ही हळदच माझ्याविषयी साक्ष देणार आहे.

पुढे संपतरावांना सौर पंप मिळाला. ऊन पडलं की मोटार आपोआप सुरू. बरंच झालं की! पण माझं काम सुटलं आणि त्याबरोबर माझी आठवणही सुटली. ज्या संध्याकाळी मी शेवटची विहिरीवरून आले, त्या संध्याकाळी मला भरायचं राहून गेलं. पत्र्याच्या शेडमध्ये मी चार महिने तशीच रिकाम्या पोटी उभी होते. वर उन्हाळ्याचा तापलेला पत्रा, खाली अंडी घालणाऱ्या कोंबड्या. रिकामी बॅटरी अशी पडून राहिली की तिला आतून इजा होते. माझ्या पोटातलं बरंचसं बळ त्या चार महिन्यांत कायमचं गेलं. कुणी मुद्दाम केलं नाही. विसरले, एवढंच.

अखेर भरतने फोनवर सांगितलं, विकून टाका. मंचरचा पप्पू एजंट आला. त्याने मला धुतलं, पुसलं, भरलं. मीटर बघून त्याने शीळच घातली. “आण्णा, चार वर्सांत निस्ती अठरा हजार किलोमीटर! ही तर कोरी गाडी हाय राव.” मग संपतरावांनी पंपाची हकिगत सांगितली, तसं पप्पूने आजूबाजूला कुणी नाही ना, ते बघितलं. हळूच म्हणाला, “आण्णा, ते काय कुनी इचारणार न्हाई. आन इचारल्याबिगर आपुन सांगायचं बी न्हाई.”

संपतरावांचा खरोखर असा समज होता, की गाडी झिजते ती पळून. उभ्याने काम केलं त्यात झीज कसली? पण पप्पूचं बोलणं ऐकून त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. ते अस्वस्थ झाले की असं करतात.

पप्पूने आणखी एक युक्ती केली. पुढे किती किलोमीटर जाईन, हा अंदाज मी मागच्या चालीवरून बांधते. माझा स्वभावच तसा आहे. पप्पूने मला दोन दिवस कालव्याच्या सपाट रस्त्यावरून, एकटाच बसून, एसी बंद ठेवून, म्हशीच्या चालीने फिरवलं. मग शंभर टक्के भरलं. माझ्या पडद्यावर आकडा उमटला : दोनशे बासष्ट किलोमीटर. मला तो आकडा बघून शरम वाटली. मी खोटं बोलत नव्हते, पण खोटं माझ्याच तोंडून निघत होतं. काचेला त्याने पुठ्ठा चिकटवला : ‘फक्त अठरा हजार किमी. एकच मालक.’

आणि त्या सकाळी ती तिघं आली. जुन्नरची सितारा, तिचे वडील वली आणि तिची सात वर्षांची मुलगी सफा. सिताराचा नवरा फुरकान टोमॅटोची गाडी घेऊन बाहेरगावी गेलेला, म्हणून तिने वडिलांना बरोबर आणलं होतं. वलीचाचा नालबंद. बैलांच्या खुरांना पत्र्या, म्हणजे नाल, मारण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. बेल्ह्याच्या बैलबाजारात लोक त्यांना बैल दाखवल्याशिवाय दोर हातात घेत नसत. आता बैल कमी झाले, चाचांचे गुडघे गेले, पण नजर जागेवर होती.

सफा मात्र कुणाची वाट न बघता मागच्या सीटवर चढून बसली. इतकं हलकं मूल माझ्यात आजवर बसलं नव्हतं. तिने सीटवर नाक टेकवलं, हुंगलं आणि आईला ओरडून सांगितलं, “अम्मी, हिला वास न्हाई!”

सितारा संपतरावांना म्हणाली, “काका, हिला थॅलेसेमिया हाय. दर तीन आठवड्याला पुण्याला रक्त चढवायला न्यावं लागतं. यश्टीत काय, भाड्याच्या गाडीत काय, डिझेलचा वास आला की उलट्या सुरू. रक्त चढवलेलं पोरगं असं गळून आलं की जीव तुटतो माझा. म्हणून इजेची गाडी बघतीय. जुन्नरवरनं पुणं आन परत, एका दमात झालं पाह्यजे. मधी चार्जिंगला तास-तास थांबणं हिला जमायचं न्हाई.”

जाऊन-येऊन एकशे नव्वद किलोमीटर. मी मनातल्या मनात माझं पोट चाचपलं. नव्या वयात मी हसत गेले असते. आता मी दीडशेच्या पुढे जाणार नव्हते. याचा अर्थ मित्रांनो, या पोरीला घेऊन परतीच्या वाटेवर मी कुठेतरी मधेच थांबणार होते. आणि सितारा काही रोज गाडी घेणारी नव्हती. सगळं साठवलेलं घालून एकदाच घेणार होती.

“बहात्तर जादा हाय ताई, दोनशे बासष्ट!” पप्पू पडद्यावर बोट ठेवून म्हणाला. “पुणं करून वर वडजला पावण्यांकडं जाऊन या.”

“बॅटरीची वॉरंटी?”

“आठ वर्सांची आसती कंपनीची,” पप्पू म्हणाला. असते हे खरंच. पण माझं सर्व्हिसिंग इतकं चुकलं होतं की तो कागद कधीच निकामी झाला होता. सिताराने सर्व्हिसिंगचं पुस्तक मागितलं. पप्पूने ते भरतकडे बंगळुरूला असल्याचं सांगितलं. तिने हातातल्या वहीवर काहीतरी लिहिलं.

इकडे वलीचाचा माझ्याभोवती फिरत होते. ते बॉनेट उघडायला गेले नाहीत की पडद्याकडे ढुंकून बघितलं नाही. खाली बसले आणि माझ्या टायरवर तळहात फिरवला, एकेका चाकावर, सावकाश. नखाने खाचा मोजल्या. “टायर कधीचं हायत?” त्यांनी लेकीला विचारलं. सिताराने टायरवरचे बारीक आकडे वाचले. गाडीच्याच वर्षाचे.

“बघा चाचा,” पप्पू खूश झाला. “टायर बी पयलंच. झिजल्यात का कुठं? मीटर खोटं बोलंल, टायर बोलंल का?”

“टायर खरं बोलतंय,” चाचा म्हणाले. “ही लांब गेलेली न्हाई.”

मग ते उठले, गुडघ्यावर हात देऊन, आणि माझ्या बाजूने चालत आले. चार्जिंगच्या झाकणापाशी थांबले. झाकण उघडलं. पप्पूने तोंड लख्ख पुसलं होतं, पण जोडणी रोज घालून-काढून कडा झिजल्या होत्या, त्या कशा पुसणार? चाचांनी अंगठ्याने रबरी कड जरा मागे ओढली. आत पिवळं होतं. त्यांनी अंगठा नाकाशी नेला. संपतरावांनी टोपी काढली.

चाचांनी झाकण हळूच लावलं आणि नुसतं एवढंच म्हणाले, “चालवून बघू.”

बाजारातली त्यांची ही पद्धत. खोड दिसली तरी ओरडायचं नाही. आधी जनावर चालवायचं, मग बोलायचं. मला ती माहीत नव्हती. मला वाटलं, त्यांना काही कळलंच नाही, आणि मी फार निराश झाले.

“ही काय, फाट्यापातूर जाऊन येऊ,” पप्पू म्हणाला.

“न्हाई,” सितारा म्हणाली. “मंचरच्या म्होरं पेठपातूर जायचं. घाट चढून.”

पप्पूच्या कपाळावर आठी पडली. “ताई, संगमनेरचं गिऱ्हाईक दुपारी येणार हाय. ते न बघताच इसार द्यायला तयार हायत. कशाला उगा येळ घालवता?”

“मग त्येंना द्या,” सितारा म्हणाली. “पण मी घेणार आसंन, तर भरल्या आकड्यावर घेणार न्हाई. दादा, सफाला रक्त चढवलं की दुसऱ्या दिवशी गाल कसं लाल दिसत्यात. बघणाऱ्याला वाटतं, पोरीला काय बी झालं न्हाई. मी त्या दिवशीचा आकडा कधीच धरत न्हाई. पंधरा दिवसांनी किती उतरला, ते लिवून ठेवते. हिचं बी तसंच बघू.”

तिने वही दाखवली. पानापानावर तारखा आणि सफाच्या रक्ताचे आकडे होते. शेवटच्या कोऱ्या पानावर तिने माझ्या आकड्यांची पहिली ओळ लिहिली : येडगाव, शंभर.

सितारा चालवायला बसली, चाचा तिच्या शेजारी. मागे सफा, संपतराव आणि पप्पू. सिताराने पहिल्यांदा एसी लावला. पप्पू म्हणाला, हवा चांगली आहे, कशाला? ती म्हणाली, सफा असली की लावावाच लागतो. पाच माणसं, थंड हवा, मोठा रस्ता. पप्पूने दोन दिवस जे टाळलं होतं, ते सगळं एकदम माझ्यावर आलं.

नारायणगावला मी चौऱ्याण्णववर होते. सिताराने रस्त्याच्या कडेला थांबून आकडा लिहिला. पुढे रस्ता मोकळा लागला, तिने वेग वाढवला आणि माझ्या पोटातून बळ असं निसटू लागलं की मला ते आवरेना. नव्वद. अठ्ठ्याऐंशी. मंचरला चौऱ्याऐंशी. पप्पू सारखा बोलत होता. माझी सीट किती मऊ, डिकी किती मोठी, आवाज कसा नाही. संपतराव खिडकीबाहेर बघत होते. वलीचाचा डोळे मिटून बसले होते, पण त्यांचा हात दारावर होता आणि तळव्याने ते माझी चाल ऐकत होते.

मग घाट आला. मागे एक भरलेला ट्रक, त्याचा हॉर्न. सिताराने पाय दाबला. मी जोर लावला. माझ्यात जोर होता हो, तो अजूनही होता, पण तो टिकत नव्हता. प्रत्येक वळणाला एक आकडा गळत होता. ब्याऐंशी. ऐंशी. सत्त्याहत्तर. माझी दोन मनं झाली होती. एक मन म्हणत होतं, बाई, आता तरी सावर, ही चांगली माणसं आहेत, ही पोर तुझ्या सीटला नाक लावून बसली आहे, यांच्या घरी तू सुखात राहशील, नाहीतर पुन्हा तोच पत्रा आणि त्याच कोंबड्या. आणि दुसरं मन म्हणत होतं, पड. अजून पड. आत्ता पड, म्हणजे पुढे ही पोर घाटात अडकणार नाही.

पेठला आल्यावर सिताराने मला एका चहाच्या टपरीसमोर उभं केलं. चौऱ्याहत्तर. अंतर सदतीस किलोमीटर.

कुणी खाली उतरेना. सितारा वहीवर आकडेमोड करत होती. पेन्सिल थांबली. तिने पुन्हा एकदा तोच हिशेब केला, जणू पहिल्यांदा चुकला असावा अशी आशा तिला होती. मलाही होती.

“सदतीसला सव्वीस टक्के,” ती म्हणाली. “म्हंजे भरून दीडशेला बी पोचत न्हाई. अब्बा, पुण्यावरनं परत येताना खेडच्या घाटातच उभी ऱ्हाईल. सफाला घेऊन.”

“घाट हाय म्हणून पडला ओ आकडा,” पप्पू घाईने म्हणाला. “आन मीटर अठरा हजारच हाय ना? मी एक शब्द तरी खोटा बोललोय का?”

तो खरंच एक शब्दही खोटा बोलला नव्हता. माझा मीटर खरा होता, टायर खरे होते, एकच मालक हेही खरं होतं.

वलीचाचांनी डोळे उघडले. मागे वळून त्यांनी पप्पूकडे बघितलंच नाही, संपतरावांकडे बघितलं.

“संपत, तुझ्या बापाच्या बैलांना बी मी पत्र्या मारल्यात. खूर हातात घेतला की सांगायचो, हा गाडीला चालतोय का नांगराला. हिचं खूर कोरं हायत. मग ही दमली कशानं?”

“चाचा, गाडी हाय ती, बैल न्हाय,” पप्पू हसून म्हणाला.

चाचांनी आपला अंगठा वर केला. नखाच्या कडेला अजून पिवळं होतं. “बैलाची खांदेमळणी खांद्याला करत्यात. जू तिथं आसतं म्हणून. हिची हितं का केली, संपत? ही साळुबाईच्या हातची हळद हाय ना?”

संपतरावांनी टोपी काढली आणि या वेळी ती परत घातली नाही.

“पंप चालवला वलीभाई,” ते म्हणाले. “तीन वर्सं. रातची लाइट, उसात बिबट्या, काय करणार व्हतो? मीटर हलत नव्हतं, म्हणून मला वाटलं, गाडी नवीच ऱ्हायली. आईशपत, तसंच वाटलं व्हतं. पण ह्यो म्हणला, इचारल्याबिगर सांगू नका. तवा कळलं मला, आपलं काय तरी चुकतंय. कळून बी गप ऱ्हायलो.” मग ते सिताराकडे वळले. “पोरी, तू सफाचं सांगितलं तवाच माझ्या तोंडाशी आलं व्हतं. पण बोललो न्हाई. माफ कर मला.”

पप्पू दार उघडून उतरला आणि फोन कानाला लावून टपरीमागे गेला. संगमनेरचं गिऱ्हाईक होतं की नव्हतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

सितारा रागावेल असं मला वाटलं होतं. तिने वही मिटली आणि स्टिअरिंगवरून हळूच हात फिरवला. तिलाही मी आवडले होते, हे मला तिच्या हातांवरून कळत होतं. मग म्हणाली, “काका, आता तरी सांगितलंत. पण मला ही न्हाई घेता यायची.”

मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. आणि त्याच क्षणी पोटावरचा कुणीतरी दगड उचलावा तसं हलकंही वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटतं, ते मला तुम्हाला नीट सांगता येत नाही.

सफाने मागून आजोबांच्या खांद्याला हात लावला. “नाना, गाडी वाईट हाय का?”

“न्हाई बेटा,” वलीचाचा म्हणाले. “लई कष्टाची हाय. दमलीय. दमल्यावर तू चालत शाळंत जातीस का?”

“न्हाई. तुमी उचलून नेता.”

“मग. हिला आपुन लांबच्या वाटंला जुंपायचं न्हाई.”

परतताना सितारा घाट सावकाश उतरली. उतारावर माझ्या पोटात थोडी वीज परत जमते. चौऱ्याहत्तरचे पंचाहत्तर झाले, मग शहात्तर. सफा टाळ्या वाजवून ओरडली, “अम्मी, आकडा वाढला! तिला बरं वाटतंय!” तेव्हा त्या सकाळी सितारा पहिल्यांदा हसली. पण तिने तो आकडा वहीत लिहिला नाही.

येडगावला आल्यावर साळुबाईंनी चहा केला. जायच्या आधी सितारा माझ्या काचेवरच्या पुठ्ठ्यापाशी थांबली. “काका, एवढं बदला. माझ्यानंतर कुणी तरी येणारच की.” संपतरावांनी पुठ्ठा काढला, उलटा केला आणि चुलीतल्या कोळशाने स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत लिहिलं : ‘तीन वर्षे पंप चालवला आहे. चार महिने रिकामी पडून होती. भरल्यावर दीडशेच्या आत.’ पप्पूने ते वाचलं आणि पुन्हा आमच्या दारात पाय ठेवला नाही.

असा पुठ्ठा लावलेली गाडी कोण घेईल, असं सगळ्यांना वाटलं. मलाही. पुढचे तीन आठवडे माणसं येत, वाचत, हसत आणि निघून जात. संपतराव मात्र आता दर आठ दिवसांनी येऊन माझं पोट बघत आणि अर्ध्याच्या खाली गेलं की भरत. मग एक दिवस घोडेगावच्या नूतनताई आल्या. त्या सरकारी नर्स. वरच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर लसी घेऊन जातात. बसच्या वेळेला लस थांबत नाही, म्हणून त्यांना गाडी हवी होती. त्यांनी पुठ्ठा दोनदा वाचला.

“दीडशेच्या आत म्हणजे किती, खरं सांगा.”

“एकशे चाळीस धरा,” संपतराव म्हणाले. “घाटात कमी.”

“मला रोजचे सत्तर लागतात,” नूतनताई म्हणाल्या. “आणि जे सगळं आधीच लिहून ठेवतात, त्यांच्याकडून घ्यायला मला भीती वाटत नाही.”

तर मित्रांनो, मी आता घोडेगावात असते. लसींची निळी पेटी माझ्या मागच्या सीटवर असते, आणि घरी आल्यावर नूतनताई मला कधी उपाशी ठेवत नाहीत. वलीचाचांनी सितारासाठी आणखी पाच गाड्या बघितल्या आणि सहावी घेतली. ती जुन्नरहून पुण्याला जाऊन एका दमात परत येते, असं मी संपतरावांच्या तोंडून ऐकलं. प्रत्येक गाडीच्या मालकाला चाचांनी पहिला प्रश्न एकच विचारला म्हणे : हिच्याकडून काय काम घेतलंत? तुम्हीही जुनी वस्तू घ्याल तेव्हा नुसते आकडे बघू नका, हा प्रश्न विचारा. आणि जुनी वस्तू विकाल तेव्हा कुणी विचारायची वाट बघू नका.

संपतरावांच्या तोंडून ऐकलं असं मी म्हणाले ना, ते यंदाच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी. ते आणि साळुबाई, दोघंही एसटीने घोडेगावला आली होती. साळुबाईंच्या पिशवीत वाटी होती. त्या सवयीने चार्जिंगच्या झाकणाशी गेल्या, तशा नूतनताई धावत आल्या. “मावशी, तिथे नको हं, पिना खराब होतात.”

साळुबाई थबकल्या. मला वाटलं, हिरमुसून परत जातील. त्यांनी माझ्याकडे बघितलं, लसींच्या पेटीकडे बघितलं, डोंगराच्या लाल मातीने भरलेल्या माझ्या चाकांकडे बघितलं.

“खरंच की,” त्या म्हणाल्या. “आता हिचं काम चालायचं हाय.”

मग त्या अंगणात खाली बसल्या, आणि माझ्या चारही चाकांना एकेक करून हळद-तूप लावलं.